बिघाड कुठे आहे, ते आधी विचारा

टीव्ही बंद पडला तर महिनाभर तसाच राहतो. वॉशिंग मशीन बिघडले तर बादली आणि साबण घरात असतातच. फ्रिज मात्र सकाळी बंद पडला की संध्याकाळपर्यंत निर्णय मागतो. दूध नासते, इडलीचे पीठ फसफसून वर येते, आमरसाचे डबे शेजारी हलवावे लागतात, आणि घरात मधुमेही माणूस असेल तर इन्सुलिनच्या कुपीची सोय सगळ्यांआधी लावावी लागते. त्यात फ्रिज बिघडायचा तो नेमका एप्रिल-मेमध्ये. कॉम्प्रेसरला त्याच दिवसांत सर्वांत जास्त राबावे लागते आणि विजेचा दाबही त्याच दिवसांत खालीवर होतो. मेकॅनिक येतो, दहा मिनिटांत सांगतो, "कॉम्प्रेसर गेलाय, आता यात पैसे घालू नका." दुकानदार म्हणतो, "जुना द्या, नवा न्या, हप्ते करून देतो." आणि वीस-तीस हजारांचा निर्णय या दोन वाक्यांवर होऊन जातो.

तो याहून चांगला घेता येतो, आणि त्यासाठी इंजिनिअर असावे लागत नाही.

फ्रिज दुरुस्त करावा की बदलावा, याची रूढ उत्तरे तीन. एक वयाचे: दहा वर्षे झाली, बदला. दुसरे खर्चाचे: दुरुस्ती नव्याच्या निम्म्या किमतीवर जात असेल तर बदला. तिसरे विजेचे: जुना फ्रिज वीज फार खातो, बदला. तिन्हींत तथ्य आहे आणि तिन्ही पुढे तपासूच. पण माझ्या मते या तिन्हींच्या आधी एक प्रश्न यायला हवा आणि तोच सर्रास राहून जातो: बिघाड बंद नळ्यांच्या आत आहे की बाहेर?

फ्रिजच्या पोटात दोन वेगवेगळ्या गोष्टी नांदतात. पहिली म्हणजे गॅसचे वर्तुळ. कॉम्प्रेसर गॅस दाबतो, कंडेन्सरच्या नळ्यांत तो उष्णता बाहेर टाकून द्रवरूप होतो, फिल्टर-ड्रायरमधून जाऊन केसासारख्या बारीक कॅपिलरीतून चिलरमध्ये पोचतो, तिथे त्याची वाफ होते, आतली उष्णता तो शोषून घेतो आणि पुन्हा कॉम्प्रेसरकडे परततो. हे वर्तुळ कारखान्यातच झाळून बंद केलेले असते. दुसरी गोष्ट म्हणजे त्या वर्तुळाला चालवणारी, थांबवणारी, जपणारी सगळी बाहेरची मंडळी: रिले, ओव्हरलोड, थर्मोस्टॅट, पंखा, डिफ्रॉस्ट हीटर, सेन्सर, पीसीबी म्हणजे सर्किट बोर्ड, दाराचे रबर, दिवा, वायरी. यांतले काहीही बदलायला गॅसला हात लावावा लागत नाही. एक-दोन स्क्रू, एक प्लग, फार तर आतला प्लास्टिकचा पडदा काढायचा.

बाहेरचा बिघाड असेल तर फ्रिज दुरुस्तच करावा. वय आठ असो की चौदा. याला अपवाद मोजके आहेत आणि ते ओघाने येतीलच.

अडचण अशी की घरातल्या माणसाला दोन्ही बिघाड सारखेच दिसतात: फ्रिज गार करत नाही. म्हणून लक्षणे वाचता आली पाहिजेत. दर काही मिनिटांनी मागून "टक्" असा आवाज येतो, मोटर क्षणभर घुमते आणि गप्प होते, तर पहिला संशय रिलेवर किंवा विजेच्या दाबावर घ्यावा. गावाकडे संध्याकाळी दाब पडतो तेव्हा चांगले कॉम्प्रेसरही असे अडखळतात. तिथे फ्रिज बदलून काही होणार नाही, स्टॅबिलायझर लागेल. रिलेची किंमत काही शे रुपये. मोटर चोवीस तास चालू आहे, थांबतच नाही, पण गारवा ठीक आहे, तर थर्मोस्टॅट किंवा दाराचे रबर बघावे. रबराची परीक्षा सोपी आहे. दहाची नोट दारात अडकवून दार लावावे आणि नोट ओढावी. अलगद निघून आली तर त्या जागी गार हवा निसटते आहे. रबर कडक झाले असेल तर गरम पाण्याच्या फडक्याने शेकून कधी कधी पुन्हा बसते. नाही बसले तर नवे मिळते. डिस्प्ले मेला, बटणे चालत नाहीत, तर पीसीबी. आपल्याकडे पीसीबी जळण्याचे एक कारण कुठल्या पुस्तिकेत सापडत नाही: उबेला येऊन बसलेली पाल किंवा झुरळ. मागचा पत्रा उघडल्यावर ती चिकटून वाळलेली दिसते. अशा वेळी बोर्ड दुरुस्त करून देणारे कारागीर प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी आहेत, पण कंपनीचा माणूस मात्र बोर्ड बदलण्याचेच बोलेल.

सर्वांत जास्त फ्रिज नाहक मोडीत निघतात ते एका लक्षणामुळे. डबल डोअरचा फ्रॉस्ट-फ्री फ्रिज. वर फ्रीझरमध्ये बर्फ होतो आहे, खाली भाजी सडते आहे. पुष्कळदा निदान होते "गॅस कमी झाला". गॅस खरेच कमी झाला असेल तर फ्रीझरही हळूहळू कच खातोच. वर कडक थंडी आणि खाली ऊब असेल तर बहुतेक वेळा गारवा तयार होतो आहे पण खाली पोचत नाही. फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये फ्रीझरच्या मागे लपवलेल्या कॉइलवर पंखा हवा फिरवतो आणि तीच हवा एका वाटेने खाली येते. कॉइलवर जमणारा बर्फ दिवसातून काही वेळा एक हीटर वितळवतो. हीटर, त्याचा फ्यूज, बायमेटल किंवा सेन्सर यांतले एक जरी गेले तरी बर्फ साचत जातो, हवेची वाट बुजते आणि खालचा कप्पा तापतो. हे घरी तपासता येते. फ्रिज पूर्ण रिकामा करावा, प्लग काढावा, दोन्ही दारे उघडी ठेवून एक दिवस तसाच सोडावा, खाली जुने टॉवेल अंथरावेत. पुन्हा लावल्यावर तो आठवडाभर उत्तम चालला आणि मग पुन्हा खालचा कप्पा तापू लागला, तर गॅसचे वर्तुळ ठणठणीत आहे. बिघडली आहे ती बर्फ वितळवण्याची व्यवस्था, आणि तिचे सुटे भाग हजार-दोन हजारांच्या आत येतात. या एका चाचणीमुळे वाचलेले फ्रिज मी पाहिले आहेत, आणि ती न केल्यामुळे भंगारात गेलेलेही.

"कॉम्प्रेसर गेलाय" हे वाक्य तर पुराव्याशिवाय मान्यच करू नये. पुरावा दोन मिनिटांत मिळतो. कोल्हापुरात एका जुन्या मेकॅनिकला मी हे काम करताना उभा राहून पाहिले. त्याने कॉम्प्रेसरच्या बाजूची काळी टोपी काढली, रिले ओढून बाजूला ठेवला, आत तीन पिना दिसल्या. मल्टिमीटर ओहमवर लावून त्याने जोडीजोडीने तिन्ही आकडे घेतले: १२, १८, ३०. "बारा नि अठरा तीस. बेरीज जुळली, वाइंडिंग शाबूत आहे," तो म्हणाला. मग मीटरचे एक टोक पिनेवर आणि दुसरे कॉम्प्रेसरच्या खरवडलेल्या पत्र्यावर ठेवले. मीटरने काही दाखवले नाही. म्हणजे वाइंडिंग बॉडीला लागलेली नव्हती. त्याने नवा रिले बसवला आणि फ्रिज सुरू झाला. साध्या कॉम्प्रेसरमध्ये तीन पिनांतला सर्वांत मोठा आकडा बाकीच्या दोघांच्या बेरजेइतका यावा लागतो. इन्व्हर्टर कॉम्प्रेसर असेल तर तिन्ही आकडे जवळपास सारखे यायला हवेत. अर्थात बेरीज जुळली म्हणजे कॉम्प्रेसर निर्दोष असे नाही. आतून जाम झालेला किंवा झिजून दाब न देणारा कॉम्प्रेसरही मीटरवर पास होतो. पण बेरीज न बघताच कॉम्प्रेसर मेला म्हणणाऱ्या माणसाला तुमच्या फ्रिजबद्दल काही माहीत नाही, हे नक्की. "मीटर लावून दाखवा" असे म्हणायला संकोच वाटू देऊ नये.

आता आतला बिघाड. इथे प्रश्न खरोखर अवघड होतो आणि गिऱ्हाइकाची फसवणूकही इथेच जास्त होते.

मुळात गॅस म्हणजे पेट्रोल नव्हे. तो वापरला जात नाही, संपत नाही, जुना होत नाही. वर्तुळ बंद असेल तर वीस वर्षेही तेवढाच राहतो. तो कमी झाला याचा अर्थ कुठेतरी भोक आहे, आणि भोक न शोधता गॅस भरणे म्हणजे काही आठवड्यांनी तेच पैसे पुन्हा भरणे. म्हणून मेकॅनिकला विचारायचा प्रश्न "गॅस भरायचे किती?" हा नाही, "लीक कुठे आहे आणि ते कसे बुजवणार?" हा आहे. या उत्तरावर फ्रिजचे भवितव्य ठरते. सिंगल डोअरच्या चिलरला बर्फ खरवडताना सुरी लागून पडलेले भोक दिसते आणि ते बुजवता येते किंवा चिलर बदलता येतो. कॉम्प्रेसरजवळच्या झाळलेल्या सांध्यातून गळत असेल तर तेही सोपे. कोकणात आणि गोव्यात खाऱ्या हवेने मागच्या नळ्या गंजतात. त्या डोळ्यांसमोर असतात, त्यामुळे बदलता येतात. पण आजकालच्या बहुतेक फ्रिजमध्ये कंडेन्सरच्या नळ्या मागे दिसतच नाहीत. त्या दोन्ही बाजूंच्या पत्र्याखाली, फोममध्ये पुरलेल्या असतात. बाजूला हात लावला की कोमट लागते ते त्यामुळेच. तिथे गळती झाली तर फोम फोडून सांधा करणे व्यवहारात होत नाही. काही कारागीर आतली नळी तोडून मागे बाहेरून नवा कंडेन्सर लावतात. हे जुगाड चालते, पण फ्रिज जुना असेल तर त्यावर खर्च करावा असे मी म्हणणार नाही. पुरलेल्या नळीतली गळती हा बदलण्याच्या बाजूचा सर्वांत सबळ पुरावा आहे.

त्यानंतर गॅस कोणता, हे पाहावे. कॉम्प्रेसरवर किंवा फ्रिजच्या मागच्या लेबलवर तो लिहिलेला असतो आणि त्या दोन-चार अक्षरांत मोठा इतिहास आहे. गोदरेजने १९५८ मध्ये भारतात फ्रिज बनवायला सुरुवात केली तेव्हापासून पुढची काही दशके घराघरांत आर-१२ होता. हा क्लोरोफ्लुरोकार्बन ओझोनचा थर खातो हे सिद्ध झाल्यावर १९८७ मध्ये मॉन्ट्रियल करार झाला, १९९२ मध्ये भारत त्यात सामील झाला आणि २००८ पर्यंत आपल्याकडचे त्याचे उत्पादन बंद झाले. त्याच्या जागी आलेला आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण वातावरण तापवण्याच्या बाबतीत तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट जड आहे. तिसरा आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन. पूर्व जर्मनीतल्या एका डबघाईला आलेल्या फ्रिज कारखान्याने ग्रीनपीसच्या साथीने हायड्रोकार्बनवर चालणारा फ्रिज १९९३ मध्ये बाजारात आणला. हा गॅस सुरक्षित चालणारच नाही असे तेव्हा मोठमोठे उत्पादक म्हणत होते. आज भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक घरगुती फ्रिजमध्ये तोच आहे. त्याचा तापमानावरचा परिणाम नगण्य, पण तो ज्वालाग्राही आहे.

निर्णयाच्या दृष्टीने याचा अर्थ असा. लेबलवर आर-१२ असेल आणि वर्तुळात बिघाड असेल, तर तो फ्रिज बदलावा. त्यात आता भरले जाईल ते दुसरेच काहीतरी असेल आणि यंत्र त्यासाठी बनलेले नाही. आर-१३४ए असेल, गळती दिसणाऱ्या जागी असेल आणि फ्रिज दहाच्या आतला असेल, तर एकदा नीट दुरुस्ती करावी. दुसऱ्यांदा गळला तर थांबावे. आर-६००ए असेल तर फ्रिजपेक्षा माणूस तपासावा. या फ्रिजमध्ये गॅस असतो जेमतेम पन्नास ग्रॅमच्या आसपास. पाच-दहा ग्रॅमची चूकसुद्धा गारवा बिघडवते. म्हणून तो वजनकाट्यावर मोजून भरावा लागतो. "नळीला हात लावून गार लागेपर्यंत" भरण्याची जुनी पद्धत इथे चालत नाही. भरण्याआधी व्हॅक्युम पंप लावून नळ्यांतली हवा आणि ओल पूर्ण काढावी लागते, ड्रायर नवा बसवावा लागतो. नळीत गॅस शिल्लक असताना ज्योत लावणे धोक्याचे आहे, म्हणून प्रशिक्षित लोक कापण्याआधी गॅस उघड्या हवेत सावकाश सोडतात, नळ्या नायट्रोजनने साफ करतात किंवा ज्योतीशिवाय दाबून बसवायचे सांधे वापरतात. ज्याच्या पिशवीत काटा नाही आणि ज्याचा पंप दुकानावर राहिला आहे, त्याला आर-६००एच्या फ्रिजला हात लावू देऊ नये. आणि स्वयंपाकाच्या सिलिंडरमधला गॅस भरतो असे कुणी म्हणाला तर त्याला तिथूनच परत पाठवावे.

आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. त्यातून शिकलेली मुले उत्तम असतात, पण त्यांतली पुष्कळशी एसीच्या कामाकडे जातात, कारण तिथे पैसा जास्त. घरगुती फ्रिजचा कसबी कारागीर कमी होत चालला आहे आणि त्याची झळ निर्णयाला बसते. चांगला माणूस मिळत नसेल, तर कागदावर शहाणपणाची दिसणारी दुरुस्तीही शहाणपणाची उरत नाही. हे मी नाइलाजाने लिहितो आहे.

वॉरंटीचा विषय थोडक्यात. "कॉम्प्रेसरवर दहा वर्षे" या ओळीचा अर्थ बहुतेक वेळा फक्त कॉम्प्रेसरचा नग फुकट, असा असतो. गॅस, ड्रायर, मजुरी, येण्याजाण्याचा खर्च गिऱ्हाइकाचा. तरीही तो नग फुकट मिळत असेल तर हिशेब पुष्कळ बदलतो, म्हणून जुने बिल शोधल्याशिवाय कुठलाही निर्णय घेऊ नये. आणि बदललेला भाग मागून घ्यावा.

आता रूढ उत्तरांकडे वळू. वयाचे उत्तर सर्वांत कच्चे. ई-कचऱ्याच्या सरकारी हिशेबात फ्रिजचे सरासरी आयुष्य दहा वर्षे धरले जाते, पण तो हिशेब उत्पादकांवर किती कचरा गोळा करण्याची जबाबदारी टाकायची त्यासाठी आहे. तुमच्या स्वयंपाकघरातल्या फ्रिजची ती मुदत नव्हे. वीस वर्षे चाललेले सिंगल डोअर महाराष्ट्रात हजारो घरांत आहेत. वयाला अर्थ येतो तो दोनच कारणांनी: सुटे भाग मिळेनासे होतात, आणि त्या काळच्या यंत्राची वीजखाऊ घडण.

निम्म्या किमतीचा नियम त्याहून बरा. सिंगल डोअरचा नवा फ्रिज साधारण पंधरा-वीस हजारांना, डबल डोअर पंचवीस-तीस हजारांच्या पुढे. कॉम्प्रेसर बदलून गॅस भरण्याचा खर्च पाच ते नऊ हजारांच्या घरात जातो. म्हणजे तीच दुरुस्ती लहान फ्रिजवर निम्म्याला टेकते आणि मोठ्यावर एक चतुर्थांशात राहते. नियम लावला तर लहान फ्रिज आधी मोडीत निघतात, म्हणजे ज्यांना नवा घेणे जड जाते त्यांचेच. शिवाय हा नियम बिघाड कोणता हे विचारतच नाही. दुरुस्तीनंतर फ्रिज किती वर्षे चालेल, हे खर्चाच्या आकड्यात लिहिलेले नसते. नऊ हजार खर्चून सात वर्षे मिळाली तर ती स्वस्त. तीन हजारांत चार महिने मिळाले तर ती महाग. मी प्रमाणापेक्षा दुरुस्तीचा वर्षाला पडणारा खर्च विचारतो, आणि मेकॅनिकला लेखी किती महिन्यांची हमी देतो ते विचारतो. आधी केलेल्या दुरुस्त्यांवर किती गेले, ते मात्र हिशेबात धरू नये. ते पैसे दोन्ही वाटांनी गेलेलेच आहेत.

विजेचा मुद्दा सर्वांत गंभीर आणि त्यावर नीट अभ्यासही झालेला आहे. अमेरिकेत १९७०च्या दशकाच्या मध्याला एक सरासरी फ्रिज वर्षाला सुमारे १,८०० युनिट खात असे. कॅलिफोर्नियाने आणि पुढे केंद्र सरकारने मानके घट्ट करत नेल्यावर २००१च्या सुमारास तो आकडा पाचशेच्या आसपास आला, तोही फ्रिजचा आकार वाढलेला असताना. या पार्श्वभूमीवर मिशिगन विद्यापीठातल्या किम, कियोलियन आणि होरी यांनी २००६ मध्ये 'एनर्जी पॉलिसी' या नियतकालिकात एक अभ्यास मांडला. १९८५ ते २०२० हा काळ धरून त्यांनी विचारले की फ्रिज किती वर्षांनी बदलणे योग्य? ऊर्जेची बचत हे उद्दिष्ट असेल तर उत्तर आले दोन ते सात वर्षे. हरितगृह वायू कमी करणे असेल तर दोन ते अकरा. आणि घरमालकाचा पैसा वाचवणे असेल तर अठरा वर्षे. एकाच वस्तूची तीन उत्तरे! वर्षाला हजार युनिटांहून अधिक खाणारे जुने फ्रिज मात्र पैसा आणि ऊर्जा दोन्हींच्या दृष्टीने बदलावेत, असेही त्यांनी म्हटले.

हा अभ्यास नेहमी "जुना फ्रिज लवकर बदला" या बाजूने सांगितला जातो. मी तो उलटही वाचतो. ऊर्जेसाठीची मुदत इतकी कमी आली, कारण त्या दशकांत दर नवे मॉडेल आधीच्यापेक्षा पुष्कळ काटकसरी होते. सुधारणेचा वेग मंदावला की बदलण्याचा फायदाही आटतो. आपल्याकडे ऊर्जा दक्षता ब्युरोची तारांकने २००६ मध्ये सुरू झाली आणि फ्रॉस्ट-फ्री फ्रिजना जानेवारी २०१० पासून ती सक्तीची झाली. मधल्या वर्षांत निकष वेळोवेळी कडक केले गेले, त्यामुळे जुन्या लेबलवरचे पाच तारे आजच्या पाचांच्या बरोबरीचे नाहीत. माझा ढोबळ विभाग असा: २०१०च्या आधीचा मोठा फ्रॉस्ट-फ्री असेल तर वीज हे बदलण्याचे खरे कारण आहे. गेल्या सात-आठ वर्षांतला इन्व्हर्टरचा असेल तर विजेचे नाव काढूनही नये.

मधल्यांसाठी हिशेब करावा, अंदाज नको. प्लगमध्ये लावायचा छोटा वीजमापक हजाराच्या आसपास मिळतो; सोसायटीत एक असला तरी पुरे. फ्रिज चालू स्थितीत असताना त्याचा पूर्ण एक दिवसाचा खप मोजावा. बिघडलेल्या अवस्थेत मोजू नये, कारण रबर फाटलेला आणि नळ्यांवर धूळ बसलेला फ्रिज जास्तच खाणार, आणि तो दोष थोडक्या पैशांत जाणारा असतो. समजा सिंगल डोअर रोज ०.९ युनिट खातो. वर्षाचे झाले सुमारे ३३०. नव्याच्या लेबलवर १३० आहेत. बचत २०० युनिटांची. (लेबलवरचा आकडा प्रयोगशाळेतला असतो, घरात थोडा जास्तच धरावा.)

आता या २०० युनिटांची किंमत काय? महावितरणच्या घरगुती दरांत टप्पे आहेत, आणि वाचलेले युनिट नेहमी सर्वांत वरच्या टप्प्यातून कमी होतात. ज्या घराचा खप महिना शंभर युनिटांच्या आत आहे, तिथे वहन आकारासह युनिटला सहा रुपयांच्या आसपास पडतात. वर्षाला वाचले बाराशे. सोळा हजारांचा फ्रिज भरून निघायला तेरा वर्षे. तीनशेपर्यंतच्या टप्प्यात युनिट अकराच्या घरात जाते. बावीसशे वाचतात, सव्वासात वर्षे. तीनशेच्या वर गेलेल्या घरात युनिटला पंधरा धरले तर तीन हजार, म्हणजे साडेपाच वर्षांच्या आत. तोच फ्रिज, तोच बिघाड. पण चाळीतल्या खोलीत दुरुस्ती शहाणपणाची आणि दोन एसी असलेल्या फ्लॅटमध्ये बदलणे शहाणपणाचे. "जुना फ्रिज वीज खातो" असे सरसकट सांगणारा सल्ला म्हणूनच चुकीचा आहे, आणि त्याचा फटका कमी उत्पन्नाच्या घराला बसतो. दिवसाला दोन-अडीच युनिट खाणाऱ्या जुन्या डबल डोअरची गोष्ट वेगळी. तो कुठल्याही टप्प्यात महागच पडतो.

पर्यावरणाचा हिशेबही याच रीतीने मांडता येतो. आपल्या ग्रिडमधले एक युनिट म्हणजे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड. वर्षाला २०० युनिट वाचले तर १४० किलो वाचले. आर-१३४एच्या फ्रिजमधून शंभर ग्रॅम गॅस हवेत गेला तर त्याचा भार जवळपास तेवढाच होतो. म्हणजे भोक न बुजवता एकदा गॅस भरून तो पुन्हा उडून जाऊ देणे, हे वर्षभराची बचत फुंकण्यासारखे आहे. आर-१२चे शंभर ग्रॅम तर टनाच्या वर जातात.

दुरुस्तीच्या बाजूने उभे राहायचे तर सुटे भाग मिळाले पाहिजेत, आणि इथे घरमालकाच्या हातात काही उरत नाही. युरोपीय संघाने १ मार्च २०२१ पासून फ्रिजसाठी नियमच केला: मॉडेलचा शेवटचा नग बाजारात आल्यावर सात वर्षे थर्मोस्टॅट, सेन्सर, सर्किट बोर्ड व्यावसायिक दुरुस्तीवाल्यांना मिळालेच पाहिजेत; दाराचे रबर दहा वर्षे, तेही सामान्य गिऱ्हाइकालासुद्धा. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी राष्ट्रीय ग्राहक दिनी, २४ डिसेंबरला, त्याचे पोर्टल सुरू केले. घरगुती उपकरणे त्याच्या कक्षेत आहेत. पण पोर्टलवर माहिती देणे आणि भाग पुरवण्याची सक्ती असणे यांत मोठे अंतर आहे. रांजणगाव आणि शिरवळला फ्रिजचे कारखाने आहेत. ज्या राज्यात फ्रिज बनतात, त्या राज्यातल्या परभणीच्या किंवा गडचिरोलीच्या मेकॅनिकला सहा वर्षांपूर्वीच्या मॉडेलचा सेन्सर मिळण्याची कायदेशीर खात्री का असू नये? भाग नाही म्हणून चालता फ्रिज मोडीत काढावा लागतो, तेव्हा तो निर्णय घरमालकाचा नसतो. कंपनीने तो त्याच्या वतीने आधीच घेतलेला असतो. वॉरंटीच्या मुदतीत भाग नाकारला गेला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक वापरावा. मुदतीनंतर मात्र हातात फारसे काही नाही, आणि ते बदलायला हवे.

शेवटी बदलायचे ठरलेच, तर जुन्याचे काय होते? एक्स्चेंजमध्ये दिलेला चालता फ्रिज बहुधा दुसऱ्या घरी जातो. ज्या घरी आजवर फ्रिज नव्हता तिथे तो उपयोगीच पडतो, पण तुमची वीजबचत म्हणजे देशाची वीजबचत, असे मग म्हणता येत नाही. न चालणारा जातो भंगारात. तिथे आधी नळी कापली जाते, कारण तांबे आणि कॉम्प्रेसर यांना भाव आहे. गॅस हवेत, तेल जमिनीवर, फोम कचऱ्यात. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी जुन्या उपकरणांची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे आणि नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण केंद्रेही आहेत. पण फ्रिज जिन्यावरून उतरवून टेम्पोत घालणारा माणूस त्या केंद्रापर्यंत जातो की वाटेतल्या गोदामापर्यंत, हे विचारणारे कुणी नसते. कंपनीच्या हेल्पलाइनला फोन करून जुना नग त्यांच्या संकलन केंद्रामार्फत न्यायला सांगता येते. एक्स्चेंजपेक्षा पैसे कमी मिळतील. आर-१२ किंवा आर-१३४एचा फ्रिज असेल तर ते कमी पैसे घ्यावेत, नेणाऱ्याकडून केंद्राच्या नावाची पावती घ्यावी, आणि मागची नळी आपल्या अंगणात कुणालाही कापू देऊ नये.